शंभर धुण्यांचं कापड

कुंताबाई धकाते यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या ओसरीवर बसून एका लुगड्याला दंड घालत होत्या. नऊवारी लुगडं नेसून नेसून मधोमध विरतं, टोकांकडे मात्र धड राहतं. विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन धड तुकडे एकमेकांना शिवायचे, याला दंड घालणं म्हणतात. माझ्या आईनंही अशी लुगडी नेसली होती, त्यामुळे मला त्यात नवल नव्हतं. पण कुंताबाईंची शिवण मी बोटांनी चाचपून पाहिली तरी चटकन सापडेना.

"कोष्ट्याची बायको आहो मी," त्या म्हणाल्या. "जोड दिसला तर मालकाचं नाव जाईन."

ही १९७६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. नर्सचं शिक्षण पुरं करून मी सिहोऱ्यापासून चार-पाच मैलांवरच्या एका गावात उपकेंद्रावर रुजू झाले होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांच्या घरची माणसं अजून तिथंच राहतात. गाव धानाचं. एका अंगाला तलाव, बाकी सगळीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं. विणकरांची चार-पाच घरं होती, कधीकाळी मोहाडीकडून येऊन वसलेली. त्यातलं शेवटचं घर कुंताबाईंचं. त्यांचे मालक जागेश्वर खोकल्याच्या आजारात गेले त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती आणि माग तेव्हापासून बंद होता. कुंताबाई रोवणीला, कापणीला लोकांच्या शेतात जात आणि उरलेल्या वेळात घरोघरची जुनी कापडं सांधून देत. बदल्यात कोणी पायलीभर धान देई, कोणी नुसताच चहा.

कापडाचा कुठलाही तुकडा त्या टाकत नसत. दंड घालताना निघालेला विरका भाग लेकराच्या कुंचीला आतून लावायचा. तोही झिजला की चुलीवरचं भांडं उतरवायला. त्यानंतर जे काय उरेल ते दिव्याच्या वातीला. तलम लुगड्याचे काठ वेगळे काढून त्यांच्या नाड्या वळायच्या. हे सगळं त्या काटकसर म्हणून करतात, असं मला तेव्हा वाटलं होतं.

उपकेंद्रात बाळंतपणासाठी कापसाची पट्टी आणि मलमलीसारखं पातळ कापड येई, पण महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ते संपून जाई. आणि बहुतेक बायका घरीच बाळंत होत. पोटुशी असताना धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला निम्म्या जणी भीत. म्हणून मी मारुतीच्या देवळासमोर दुपारच्या बायका जमवून सांगायला सुरुवात केली, की नाळ कापायचं पातं उकळून घ्या, नाळेवर लावायचं फडकं उकळून घ्या, राख लावू नका, शेण लावू नका. बायका माना डोलवत आणि आपसात हसत. एका दुपारी मागं खांबाला टेकून बसलेल्या कुंताबाईंनी विचारलं, "आन नाही उकळलं तर?"

मी शिकले होते तसं सांगितलं. फडक्यातली घाण नाळेतून आत जाते. सातव्या-आठव्या दिवशी लेकरू दूध ओढेनासं होतं. जबडा बसतो. मग अंग कमानीसारखं मागं वळतं, नुसता हात लागला तरी आचके येतात. सांगून मी पुढच्या विषयाकडे वळले. बायका उठून गेल्या तरी कुंताबाई खांबाजवळच बसल्या होत्या.

"मागंच वळते ना अंग? पुढं नाही?" त्यांनी विचारलं.

"मागं."

"हो," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या उपकेंद्राच्या दारात आल्या. हातात एक गाठोडं होतं. आत मऊ पांढऱ्या कापडाच्या विताएवढ्या पट्ट्या आणि चौकोनी तुकडे, घडी घातलेले. त्यांना साबणाचा आणि उन्हाचा वास होता.

"हे कायले आणलं?" मी विचारलं.

"तुमचं सरकारी कापड पुरत नाही म्हनता ना. हे उकळलेलं आहे. दोनदा."

मी शिकलेली पोर, मनात शंका आली. म्हटलं, "कुंताबाई, पुस्तकात नवं कापड लिहिलं आहे."

"नवं कापड पानी पेत नाही नर्सबाई. खळ असते त्याच्यात. लेकराच्या अंगाले कासरा घासल्यावानी घासते. शंभर बार धुतलं, का मंग ते कापड लेकराचं होते. विनलं म्या, मले मालूम आहे." मग खाली बसून, गाठोड्याची गाठ पुन्हा बांधत, मला काही विचारायची सवड न देता त्यांनी सांगून टाकलं. त्यांना दोन मुलं झाली होती, दोन वर्षांच्या अंतरानं. दोन्ही वेळा नाळेवर लावायला त्यांच्या सासूनं आढ्यात खोचून ठेवलेलं जुन्या धोतराचं फडकं काढलं होतं. जपून ठेवलेलं, वाया न घालवलेलं. दोन्ही मुलं आठव्या दिवशी गेली. सटवीनं नेली असं सगळे म्हणाले.

"बारा वर्सं मी सटवीले शिव्या देल्या बाई," कुंताबाई म्हणाल्या. "बिचारीनं काहीच केलं नवतं."

वयानं मी त्यांच्या लेकीएवढी. मी गाठोडं उचलून कपाटात ठेवलं.

त्या दिवसापासून त्यांचं काम सुरू झालं. कुणाच्या घरी सहावा-सातवा महिना लागला की कुंताबाई तिथं जाऊन जुनं सुती लुगडं मागून आणत. हातात घेऊन आधी दोन बोटांत चोळून पाहत. कापडात जीव आहे की नाही ते त्यांना स्पर्शानं कळे. फार विरलेलं असेल तर परत देत, "हे सुटून लेकराच्या नाळेले चिकटन." धड असेल ते रात्रभर राखेच्या निवळीत भिजायचं, मग तलावावर धुणं, मग सोडा टाकून मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळणं. मागाचे लाकडी दांडे अंगणात आडवे बांधून त्यावर कापड वाळत पडे, जमिनीला कुठंही न टेकता. वाळलेल्या पट्ट्यांची पुडी दुसऱ्या उकळलेल्या कापडात बांधून त्या स्वतः त्या घरी पोचवत आणि बजावत, "गाठ सोडायची नाही. नर्सबाई सोडन, नाही तर जे नाळ कापन ते हात धुऊन सोडन."

पहिल्या वर्षी आठ घरांनी पुड्या घेतल्या. दुसऱ्या वर्षी वीस-बावीस झाल्या असतील. मी पातं देई, त्या कापड देत. इंजेक्शनाला भिणाऱ्या बायका कुंताबाईंना भीत नसत, आणि त्या सोबत आल्या की इंजेक्शनही घेत. कपाटात नेहमी चार-दोन पुड्या शिल्लक राहू लागल्या.

१९७८ च्या माघात कृष्णरावांच्या पत्नी सुलोचनाबाई वारल्या. कृष्णराव गावातले जुने शेतकरी, तलावाखालची सगळ्यात चांगली बांधी त्यांची. सुलोचनाबाईंना जाडं कापड सोसत नसे, त्यांची लुगडी तलम असत. दहाव्याला त्यांच्या नेसणीतली चार लुगडी रिवाजाप्रमाणे तलावाच्या पारीवर, म्हणजे काठच्या बांधावर, नेऊन टाकली. मेलेल्या माणसाचं नेसूचं कापड घरात ठेवत नाहीत. ते पावसात कुजतं, नाही तर जनावरं चघळतात.

ती लुगडी कुंताबाईंनी उचलली. मला ते ठाऊक नव्हतं. चैत्रात पांढऱ्याशुभ्र पट्ट्यांचा मोठा गठ्ठा आला तेव्हा मी विचारलं, "एवढं तलम कोणाचं?" त्या म्हणाल्या, "धुतल्यावर कापड कोनाचंच नसते." मी पुढं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

कृष्णरावांची सून कुसुमताई तेव्हा पोटुशी होती, पहिलीच वेळ. कुंताबाईंनी तिच्यासाठी एक दुपटं शिवलं आणि पुडीसोबत नेऊन दिलं. दुपट्याला त्यांनी कडेनं काठ लावला होता, गर्द निळा, त्यात बारीक पिवळी रेघ. कुसुमताईनं तो काठ पाहिला आणि ओळखला. सासूच्या मांडीवर डोकं ठेवून ती त्या काठाकडे कितीदा पाहत पडली असेल.

"हे माह्या सासूचं आहे," ती ओरडली. "मेलेल्या बाईचं! माह्या लेकराले मेलेल्या बाईच्या कापडात गुंडाळून राहिली तू?"

दुपटं आणि पुडी तिनं अंगणात फेकली. शेजारच्या बायका जमल्या. कुंताबाईंनी नाकबूल केलं नाही. "पारीवरून उचललं," त्या म्हणाल्या. "उकळलं तीनदा. तुह्या सासूचं कापड चांगलं होतं पोरी, म्हनून तुह्यासाठी..." पुढचं कोणी ऐकून घेतलं नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बायका आपापल्या घरातल्या पुड्या आणून कुंताबाईंच्या ओसरीवर टाकून गेल्या. कोणाचं कोणत्या मड्याचं असेल काय सांगावं, असं म्हणत. रोवणीलाही त्यांना कोणी बोलावेना. मी चार घरी जाऊन समजावलं, तर एक म्हातारी मला म्हणाली, "तुमी बाहेरच्या, तुमाले नाही समजनार." मी कुंताबाईंवर चिडले होते, हेही खरं. दोन वर्षांत जे जमलं होतं ते चार लुगड्यांपायी गेलं, असं मी त्यांना तोंडावर बोलले. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "कापडाचं पाह्यलं म्या. मानसाचं नाही पाह्यलं."

पुडी परत टाकणाऱ्यांत सुंदरची सासूही होती. सुंदर ही मजुराची बायको, दिवस भरलेले असताना चिखलात रोवणी करत होती. भर दुपारी बांधीतच तिला कळा सुरू झाल्या. मी नाल्यापलीकडच्या गावात होते आणि नाल्याला पूर आला होता. सुंदर घरी बाळंत झाली, सासूच्या हातून. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा नाळेवर चुलीजवळचं फडकं बांधलेलं होतं, त्यावर राख. मी ते काढलं, नाळ धुतली, औषध लावलं. जे व्हायचं ते झालेलं असू शकतं, हे मला कळत होतं. मी कोणाला बोलले नाही.

सातव्या दिवशी सकाळी सुंदरची सासू माझ्याकडे न येता आधी कुंताबाईंकडे गेली. मुलगी दूध ओढत नाही, म्हणाली. मी पोचले तेव्हा कुंताबाई मुलीजवळ बसल्या होत्या. त्यांनी तिच्या ओठांना बोटाचं टोक लावलं आणि काढून घेतलं.

"जबडा बसला," त्या मला म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

आम्ही बैलगाडीनं आधी सडकेपर्यंत आणि तिथून तुमसरच्या दवाखान्यात मुलीला नेलं. गाडीला गचका बसला की तिला आचका येई, म्हणून कुंताबाईंनी तिला आपल्या दोन्ही तळहातांवर धरून ठेवलं, मांडीला टेकू दिलं नाही. तीन तास. दुसऱ्या दिवशी मुलगी गेली.

परतल्यावर मला वाटलं, आता ही बाई दार लावून बसेल. चौथ्या दिवशी पाहते तो कुंताबाई डोक्यावर तो मोठा गंज घेऊन निघालेल्या. ज्या घरात पोटुशी बाई होती त्या प्रत्येक घराच्या अंगणात त्या गेल्या. कुठं दार उघडलं, कुठं नाही. जिथं उघडलं नाही तिथं त्या बाहेरूनच बोलल्या.

"माझं कापड नको तर नको," त्या म्हणत. "तुमच्या घरचं घ्या. तुमच्या मायचं घ्या, आजीचं घ्या. पन उकळा. मी हात नाही लावत. इथी बसून सांगतो फकत."

पहिल्या दिवशी दोन घरांनी चूल पेटवली. कुंताबाई अंगणाच्या कडेला बसून सांगत राहिल्या, आता ढवळा, आता पाणी बदला. खरंच त्यांनी कापडाला हात लावला नाही.

पोळा झाल्यावर एका सकाळी कृष्णराव त्यांच्या ओसरीवर आले. मागं गड्याच्या डोक्यावर एक लोखंडी पेटी. मी तेव्हा तिथंच होते. कृष्णराव उभेच राहिले.

"वैनी, सुलोचनाची पेटी आहे," ते म्हणाले. "बारा लुगडी आहेत. पारीवरचं उचललं तुमी ते चोरून उचलल्यासारखं झालं. हे मी हातानं देऊन राहिलो."

कुंताबाईंनी पेटीकडे पाहिलं. एवढं तलम सुती कापड त्यांना गावात दुसरीकडे कुठंच मिळालं नसतं.

"भाऊ, सुनेले विचारलं का?"

"घर माझं आहे वैनी."

"सासू तिची होती," कुंताबाई म्हणाल्या. "मागच्या बारी म्या विचारलं नाही, त्याच्यात एक लेकरू गेलं. पेटी वापस न्या. तिले विचारा. ते हो म्हनली, तर आना."

कृष्णराव निघून गेले. गडी पेटी घेऊन त्यांच्या मागं गेला. मला वाटलं, हातात आलेलं गेलं. मी तसं म्हणालेही. कुंताबाई म्हणाल्या, "कापड थांबते बाई. ते घाई नाही करत."

आठ-दहा दिवसांनी कुसुमताई आली. तिचे दिवस जवळ आले होते, चालताना दम लागत होता. पेटी तिनं बैलगाडीत घालून आणली होती. ओसरीवर बसली, पाणी प्याली, आणि कुंताबाईंकडे न पाहता म्हणाली, "माह्या लेकराले नको. मले नाही सोसनार ते. बाकी गावात कोनाले बी द्या."

"बरं," कुंताबाई म्हणाल्या.

"माह्यासाठी बाबानं तुमसरहून नवं कापड आनलं आहे. ते किती उकळू?"

"आधी दहा बार धू, खळ जाऊ दे. मंग उकळ. दोनदा भात शिजते तितका वेळ."

कुसुमताईनं बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि उठली. तिला मुलगा झाला, तिनंच धुतलेल्या, तिनंच उकळलेल्या कापडात. त्या दोघींत पुढं गोडवा आला असं मी म्हणणार नाही. पण कुसुमताई कुंताबाईंना पुन्हा मावशी म्हणू लागली.

सुलोचनाबाईंची लुगडी पाच वर्षं पुरली. कुंताबाई आता प्रत्येक घरी आधी सांगत, हे कोणाचं कापड आहे ते. कोणी नको म्हटलं तर मुकाट्यानं दुसरं काढत. हळूहळू उलटंच होऊ लागलं. भरल्या घरात, नातवंडं पाहून म्हातारी गेली, की तिच्या लेकी स्वतःच लुगडं आणून देऊ लागल्या. सुंदरला पुढं दोन मुलं झाली, दोन्ही जगली. मी त्या गावात असेपर्यंत आठव्या दिवसाच्या आजारानं पुन्हा एकही मूल गेलं नाही. त्यात इंजेक्शनांचा वाटा मोठा आहे, हे मी नर्स म्हणून सांगते. पण इंजेक्शनापर्यंत बायकांना कोणी आणलं, तेही मला माहीत आहे.

१९८३-८४ च्या सुमारास सगळं बदलू लागलं. नायलॉनची, टेरिकॉटची पातळं आली. इस्त्री नको, पटकन वाळतात, रंग जात नाही. सुती लुगडं नेसणाऱ्या फक्त म्हाताऱ्या उरल्या. जी जुनी कापडं घरात निघत ती बायका भांडेवालीला देऊन स्टीलची वाटी घेऊ लागल्या. उपकेंद्रालाही बंद पाकिटं मिळू लागली, आत नवं पातं, दोरा, निर्जंतुक पट्टी. पहिलं पाकीट मी कुंताबाईंना दाखवायला नेलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, पट्टी बोटांत चोळली.

"पानी पेते का?"

"पिते. तशीच बनवलेली असते."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. "लाकडं बी कमी जळतीन." मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्यासारखं दिसलं.

हात मात्र रिकामे राहिले नाहीत. फाटकी नायलॉनची पातळं त्या घेऊ लागल्या, लांब पट्ट्या फाडून त्यांचा तिपेडी दोर वळू लागल्या. "लेकराच्या कामाचं नाही हे," त्या म्हणायच्या, "पन विहिरीले चांगलं. कुजत नाही." गावातल्या चार-पाच विहिरींवर त्यांचे रंगीबेरंगी दोर होते.

१९८६ मध्ये माझी बदली नाकाडोंगरीकडे झाली. निघताना मी त्यांना बसस्टँडवर येऊ नका म्हटलं होतं, तरी त्या आल्या. दृष्टी अधू झाली होती. माझी पिशवी त्यांनी हातानं चाचपली, एका बाजूला बंद उसवला होता तो त्यांना सापडला, आणि बस येईपर्यंत उभ्याउभ्या त्यांनी तो शिवून दिला.

त्या १९८८ च्या हिवाळ्यात गेल्या. मला पंधरा दिवसांनी कळलं, तुमसरला भेटलेल्या गावच्या माणसाकडून. मुद्दाम एक रजा काढून मी गेले. घराला कुलूप होतं. कुसुमताईकडे गेले तर तिनं चहा ठेवला. शेवटचा महिनाभर कुंताबाई उठू शकत नव्हत्या. रोज सकाळी कुसुमताई त्यांचं अंथरूण बदलायला जाई, आणि चादर धुऊन, उकळून त्यांच्याच अंगणातल्या दांड्यावर वाळत घाली.

"उकळायला कोनी सांगतलं होतं का?" मी विचारलं.

"कोनी नाही," कुसुमताई म्हणाली. "सवय झाली आता."